डबा होडीतून, सिस्टरबाई पायी

आमच्या घरमालकीणबाईंच्या बैठकीत सोफा नव्हता, होडी होती. पिवळीजर्द, प्लास्टिकची, एका माणसापुरती. भिंतीवर यजमानांचा हार घातलेला फोटो, त्याच्याखाली ही लांबलचक वस्तू, आणि आल्यागेल्याला बसायला तीच. मी खोली बघायला गेले त्या दिवशी मला वाटलं, गुरांना कोंडा घालायची ही काहीतरी नवी गव्हाण असावी. मी उभीच राहिले.

"बसा न मॅडम," त्या म्हणाल्या. "कोरडी आहे. पाय लांब करून बसा. उकिडव्या बसाल तं पडाल."

मी पाय लांब करून बसले. माझ्या एका हातात चहा, दुसऱ्या हाताचं मनगट त्यांच्या चिमटीत. मी कुठली, कोणाची, स्वयंपाक स्वतः करते का, असं एकेक विचारत त्या माझी नाडी बघत होत्या. शेवटी मनगट सोडून म्हणाल्या, "खोटं नाही बोलून राहिल्या बहुतेक. खोली तुमची."

मी मूळची गोंदिया शहरातली. आमच्या गल्लीत भांडणंसुद्धा हिंदीत होतात. बदली होऊन सौंदडच्या पुढच्या या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आले होते. त्या रात्री आईला फोनवर घरमालकिणीचं वर्णन केलं, तर ती म्हणाली, "पागल औरत है. कमरा बदल." मी कमरा बदलला नाही. पुढे चिखलाने माखलेला माझा एक फोटो तिला पाठवला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अब तू भी?"

गावात त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. सरकारी नर्सची नोकरी संपवून त्या घरी बसल्या होत्या. बसल्या हे आपलं म्हणायचं. घर पोवारांचं, चांगलं धानाच्या शेतीचं. मूलबाळ नाही. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. "त्यांले पान्याची भारी भीती," फोटोकडे बघत त्या सांगायच्या. "आंघोळीले बसले का आंधी बादलीत हात घालून खोली पाहत." वाड्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात दीर राहत. ते गावचे माजी सरपंच; पण आपण माजी झालो हे त्यांना कोणी अजून कळवलेलं नसावं. हे दीर वहिनीला पाण्यात पाहत, आणि तेही ती पाण्यात उतरण्याच्या कितीतरी आधीपासून.

भांडणाचं मूळ मात्र तळ्यात होतं. आमचं तळं मालगुजारांच्या काळातलं, मोठं. अलीकडे मातीच्या बांधाची पाळ आणि गाव, पलीकडे जंगलाच्या काठाला गोंडांची वस्ती, टोली. टोलीत पोरांना लस टोचायची तर सिस्टरबाईंना पाळीवरून, मग सांडव्याखालून, मग झुडपांतून असा तळ्याला अख्खा वळसा घालून जावं लागे. समोर मासेमार ढिवरांचे डोंगे, लाकडी होड्या, सरळ पलीकडे जात. पण रीत अशी, की बाईने डोंग्यात पाय ठेवायचा नाही. बाई बसली की मासोळी रुसते. मग तोडगा निघाला. लसीचा निळा डबा डोंग्यातून जायचा आणि सिस्टरबाई पायी.

"डबा गारेगार पोचे, मी घामानं वली," त्या सांगायच्या. एकदा त्यांनी एका म्हाताऱ्या डोंगेवाल्याला विचारलं, डब्याले चालते तं मले काऊन नाही चालत? त्याने अगदी शांतपणे उत्तर दिलं, "डबा काही बाई आहे का, सिस्टरबाई?"

पाळीवरचे सगळे खो खो हसले होते म्हणे. सांगताना त्याही हसत, पण नाकाचा शेंडा लाल होई. आपण राग गिळतो, विसरतो, दुसऱ्याच कोणावर काढतो. या बाईंनी तो पेन्शनीपर्यंत नीट जपून ठेवला. कान तुटला म्हणून भंगारात काढलेला तसला एक डबाही त्यांनी मागून घरी आणला होता. त्यात लसूण ठेवत. लसूण काढताना रोज आठवण व्हावी, असा हिशोब असणार.

नोकरी संपली आणि कुठल्याशा धरणावरचं बंद पडलेलं बोटिंग विकायला निघाल्याचं त्यांच्या कानावर आलं. त्या टेम्पो घेऊनच गेल्या. येताना टेम्पोत ही पिवळी कयाक होती, दोघींनी बसून वल्हवायची एक निळी होडी होती आणि नारिंगी जाकिटांचा ढीग. दीर अंगणात आले.

"वहिनी, हे काय आणलं?"

"सोफा."

गावाने कयाकचं नाव केळं ठेवलं. शिकवायला कोणी नव्हतं. त्या मोबाइलवर परदेशी बायांचे व्हिडिओ बघत आणि खळ्यात तणसाच्या ढिगावर पाय पसरून बांबूने हवा वल्हवत. डावीकडे एक, उजवीकडे एक, कंबर वळवून. धान मळायला आलेली माणसं काम सोडून बघत उभी राहत. कोणीतरी म्हणालं, सिस्टरबाईले लागीर झालं. त्यांनी वल्हवता वल्हवता त्याला जवळ बोलावलं, त्याचं मनगट धरलं आणि सांगितलं, "मले काही नाही झालं. तुले बीपी आहे. उद्या दवाखान्यात ये."

शिकायला गेलेल्या प्रत्येकीला त्या पहिला धडा एकच देत. गुडघाभर पाण्यात केळ्यावर बसवत आणि काही कळायच्या आत उलथून टाकत. "आंधी पडाचं शिका. बसनं आपोआप येते." आमच्याकडची माणसं जेवायला, भांडायला, निंदायला, सगळ्याला उकिडवी बसतात. कयाकमध्येही आधी तशीच बसतात, आणि कयाकला ते आवडत नाही. मी स्वतः इतक्या वेळा पालथी झाले की घाटावरच्या म्हशी मला ओळखायला लागल्या. जाकीट घातल्याशिवाय मात्र त्या कोणाला घोटाभर पाण्यातही उतरू देत नसत. बंध स्वतः ओढून बघत. त्या बाबतीत त्यांचं वेड एकदम शहाणं होतं.

साडी नेसून हे जमत नाही. कोणी नवऱ्याची पँट घालून आली, कोणी पोराचा ट्रॅकसूट. ओल्या पँटींतल्या बाया घाटावर बघून गाव हादरलं. दिरांनी पाळीवर माणसं जमवली. सिस्टरबाई निथळत्या अंगाने वर आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुमी लंगोट लावून पोहता, तवा आमी बायांनी कधी मीटिंग घेतली का जी?" पुढची मीटिंग झाली नाही.

या सगळ्यात खरी कोणी असेल तर जसवंताबाई. आम्ही बाकीच्या हौशी. जसवंताबाई ढिवरांची, विधवा. पाळीवर मासोळी घ्यायची आणि सौंदडच्या बाजारात विकायची, हा तिचा संसार. ती पहिल्या दिवशी घाटावर आली, दूर उभी राहिली आणि म्हणाली, "माहा मानूस गेला तवापासून डोंगा दारात सडून राहिला, सिस्टरबाई. डोंगा माहा, जाळं माहं. मासोळी माह्या हातानं कापली जाते, इकली जाते, तवा ते नाही रुसत. मी बसली का रुसते?"

"तुले पोहता येते?"

"ढिवराची पोर आहो मी."

"तं मग पड," असं म्हणून सिस्टरबाईंनी तिलाही उलथून टाकलं.

केळ्यात तोंड पुढे असतं. निळ्या होडीत मात्र वल्हवणाऱ्यांची पाठ पुढे आणि तोंड मागे. जायचं असतं एकीकडे, बघायचं दुसरीकडे. माझं घोडं तिथेच अडलं. दोन वल्ही मारली की मान वळवून बघायची, आणि मान वळली की होडी वळायची. मी आणि जसवंताबाई जोडीने बसलो की ती होडी सरळ नेई आणि मी गोल फिरवायची. एकदा सिस्टरबाई घाटावरून ओरडल्या, "मॅडम, कधी रोवनी केली का?"

मी गोंदियाची. मी धान फक्त ताटात पाहिलेला.

पावसाळ्यात एका रविवारी त्यांनी मला बायांच्या रांगेत धानाच्या बांधीत, चिखलात उभं केलं. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की रोवणी करणारी बाई उलटी चालते. वाकून रोप खोचायचं, पाऊल मागे, पुन्हा खोचायचं. मागे कोणी वळून बघत नाही. समोर लावलेलं दिसतंच. ते वाकडं व्हायला लागलं की पाऊल सरळ करायचं. जसवंताबाई माझ्या शेजारी होती. मी सवयीने मान वळवली आणि धपकन चिखलात बसले. आईला पाठवलेला फोटो तो. जसवंताबाई म्हणाली, "मांगं कायले पाहता, बाई? मांगं बांध आहेच. पळून नाही जात. समोरची वळ पाहा."

होडीतही तसंच होतं. होडीच्या मागे पाण्यावर रेघ उठते. ती सरळ आहे ना, एवढं बघायचं, आणि काठावरची एखादी खूण त्या रेघेवर धरून ठेवायची. पावसाळा सरता सरता मी मान वळवणं सोडलं. सिस्टरबाई खूश होऊन म्हणाल्या, "साऱ्या दुनियेत उलटं चालून सरळ रेघ काढनाऱ्या आपनच. अन् हे आपल्याले होडी शिकवतेत."

त्या वर्षी मासोळी कमी निघाली. मग काय, सगळ्यांना कारण आयतंच मिळालं. दिवाळीनंतरची मंडई तोंडावर आली होती. आमच्याकडे मंडई म्हणजे गावची जत्रा. लेकीजावई येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात, दंडारीचं लोकनाट्य होतं. त्याच्या आधी दीर चार पुढाऱ्यांना घेऊन बैठकीत आले. बसायला केळंच होतं, म्हणून सगळे उभे राहिले.

"वहिनी, झालं तेवढं पुरे. होड्या पंचायतीच्या गोदामात टाका."

"तळ्यावर गावाचा निस्तार आहे, वापराचा हक्क. गावात बाया येतात का नाही, भाऊजी?"

"जाळी तुटतेत. शिंगाड्याचे वेल तुटतेत."

"एक जाळं तुटलेलं दाखवा."

दिरांना ते दाखवता आलं नाही, तेव्हा त्यांनी डाव टाकला. मंडईच्या दिवशी, साऱ्या गावादेखत, निळी होडी टोलीपर्यंत न्यायची आणि परत आणायची. जाळ्यांच्या आणि शिंगाड्याच्या मधल्या पट्ट्यातून. कशालाही वल्हं लागलं तर होड्या गोदामात, कायमच्या. आणि सिस्टरबाईंनी होडीत बसायचं नाही. "तुमी नर्स. तुमाले सारं जमते. गावच्या दोघी बायांनी नेऊन दाखवावी." जाता जाता ते दारात थांबले आणि म्हणाले, "अन् लागलं तं जसवंताले पाळीवर मासोळी भेटनार नाही."

जसवंताबाई माझ्या शेजारीच उभी होती. मला दिरांचा इतका संताप आला की माझं मराठीच संपलं. मी काय म्हणाले ते हिंदीत होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही. सिस्टरबाईंनी दिरांचं मनगट धरलं. "नाडी फार जोरात चालली, भाऊजी. मीठ कमी खा." मग त्यांनी जसवंताबाईकडे पाहिलं. तिने एवढंच विचारलं, "मॅडम, तुमी मान वळवसान का?" मी म्हटलं, नाही.

मंडईच्या दिवशी पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. फुगे, जिलेबी, भोंगा, आणि सगळ्यांची तोंडं तळ्याकडे. सिस्टरबाई घाटाच्या बरोबर वर नारिंगी जाकीट घालून उभ्या राहिल्या. आमची खूण त्याच. त्या आणि पाण्यावरची रेघ एका ओळीत राहिली की वाट सरळ. आम्ही निघालो. थंड वारा होता. डावीकडे जाळ्यांना बांधलेल्या बाटल्या तरंगत होत्या, उजवीकडे शिंगाड्याची पानं. जसवंताबाई तोंडातल्या तोंडात रोवणीचं गाणं म्हणत होती आणि त्याच्या चालीवर वल्ही पडत होती.

तळ्याच्या मध्यावर आल्यावर नारिंगी रंग दिसेनासा झाला. बघण्यासाठी गर्दी पुढे सरकली होती आणि सिस्टरबाई ठेंगण्या. पाळीवर सगळी नुसती डोकी. होडी जराशी तिरपी झाली. डावीकडची एक बाटली माझ्या वल्ह्याजवळ हलताना मला दिसली. माझी मान वळायला लागली.

"पाहू नोको!" जसवंताबाई ओरडली. आजवर ती मला 'तुमी' म्हणत होती.

मी पाहिलं नाही. आणि तेवढ्यात पाळीवर, डोक्यांच्या वर, नारिंगी जाकीट उगवलं. दिरांचा नवा ट्रॅक्टर मंडईसाठी सजवून पाळीवर उभा केला होता. त्याच्या बॉनेटवर, झेंडूच्या माळा तुडवत, साठी उलटलेल्या सिस्टरबाई दोन्ही हात वर करून उभ्या होत्या. खाली दीर त्यांना उतरवायला हात लांब करत होते आणि त्या पायाने त्यांचा हात बाजूला सारत होत्या. जसवंताबाईला असं हसू आलं की गाणं तुटलं, पण वल्ह्याचा ताल नाही तुटला. रेघ पुन्हा सरळ झाली. आम्ही टोलीला लागलो.

तिथे एक म्हातारी काठी घेऊन उभी होती. टोलीतलीच. आम्ही होडी वळवतोय तर ती पाण्यात शिरली आणि सरळ मागच्या फळीवर येऊन बसली.

"आजी, आमची पैज आहे," मी म्हटलं.

"अशीन," ती म्हणाली. "मले मंडई पाहाची आहे. मी काऊन पायी जाऊ?"

जसवंताबाईने तिला जाकीट दिलं. येताना आमची तोंडं टोलीकडे आणि आजीचं तोंड गावाकडे; तीच डावं-उजवं सांगत होती, कडक आवाजात. वल्हं कशालाही लागलं नाही. घाटाला लागल्यावर दीर म्हणाले, "अट दोघींची होती. ही तिसरी कोठून आली?" पण तोवर सगळे म्हातारीला हात द्यायला धावले होते.

पुढच्या महिन्यात जसवंताबाईने दारातला डोंगा दुरुस्त केला आणि स्वतः जाळं टाकायला लागली. आता इथे कोणाला गोड शेवट हवा असेल तर दिरांनी तोही आणला. पंचायतीकडून सिस्टरबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि महिलांना रविवारी सकाळी होडी चालवायची रीतसर परवानगी. सिस्टरबाई मंचावर गेल्या. शाल घेतली नाही, माइक घेतला.

"परवानगी देऊन राहिले म्हणजे उद्या काढताबी येते. मी घेतलीच नाही, मंग तुमी काढसान काय? आमी रोज येऊ. तुमाले रविवारी पाहाचं असन तं रविवारी पाहा."

नारळ मात्र त्यांनी नेला. रात्री त्याची चटणी केली.

यथावकाश माझी बदली तिरोड्याकडे झाली. मागच्या हिवाळ्यात जसवंताबाईचा फोन आला. सिस्टरबाई झोपेतच गेल्या होत्या. मी पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता, दिरांनीच दिला. मला रडू आवरेना. बैठकीत केळं तसंच होतं आणि त्यात बसायला कोणाचं मन होत नव्हतं.

अस्थी वैनगंगेला न्यायच्या नाहीत, तळ्याच्या मधात सोडायच्या, निळ्या होडीतून, आणि लसणाच्या डब्यातून न्यायच्या, असं त्या सगळ्यांना बजावून गेल्या होत्या. लोकांना वाटलं, दीर ऐकणार नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते घाटावर आले. हातात तो कान तुटलेला निळा डबा, त्यावर लाल फडकं बांधलेलं. डोळे सुजलेले. आम्ही दोघी वल्ही घेऊन बसलो होतो. पाळीवर गाव उभं होतं. ते पाण्याच्या कडेला थांबले आणि जसवंताबाईला म्हणाले,

"मी बसू का?"

जसवंताबाईने त्यांच्याकडे एक नारिंगी जाकीट फेकलं. "विचारता कायले जी? या होडीत विचारून बसाची रीत नाही. बंध नीट वढा."

ते बसले, आमच्याकडे तोंड करून, डबा मांडीवर घट्ट धरून. आम्ही वल्ही टाकली. त्यांच्या मागे पाळीवरची माणसं हळूहळू लहान होत गेली, आणि त्यांच्यात काठी टेकून तो म्हातारा डोंगेवालाही होता. डबा काही बाई आहे का, असं त्याने विचारलं होतं. आज होती.